गोष्टीतली आई

आग्लाया इटलीला गेली तेव्हा रुक्सांदा नऊ वर्षांची होती आणि तोदेर नुकता भिंतीला धरून चालायला लागला होता. बाप त्याआधीच रशियात बांधकामावर गेला होता, तो तिकडचाच झाला. मोल्दोव्हातल्या त्या गावात यात कुणाला नवल वाटत नव्हतं. अर्ध्या घरांतल्या बायका इटलीत कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला न्हाऊमाखू घालत होत्या आणि आपली पोरं आपल्या म्हाताऱ्या आयांच्या पदरात टाकून गेल्या होत्या. आग्लायानंही तेच केलं. तिची आई अजून खुटखुटीत होती, दावणीला गाय होती, अंगणात अक्रोडाची दोन झाडं होती. दोन वर्षं काय, अशी निघून जातील, असं ती म्हणाली.

ती खुटखुटीत म्हातारी दुसऱ्याच हिवाळ्यात गेली. विहिरीवरून आली, दाराजवळच्या बाकावर टेकली, ती उठलीच नाही. आग्लायाला मातीलाही येता आलं नाही. तिच्याकडे तिथले कागद नव्हते; एकदा सीमा ओलांडली की परतीची वाट बंद. फोनवर ती इतकी रडली, की रुक्सांदालाच तिची समजूत घालावी लागली. "तू रडू नकोस. मी आहे ना. मी बघते त्याच्याकडे." शेजारच्या परास्कोव्हिया मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवायला घेतला, तर पोरीनं मान काढून घेतली. गाईला पाणी दाखवायचं राहिलंय, म्हणाली आणि गेली.

मावशी म्हणाली होती, दोघं माझ्याकडे येऊन राहा. रुक्सांदानं ऐकलं नाही. घराच्या धुराड्यातून धूर निघाला नाही की तालुक्याहून बाई येते आणि पोरांना अनाथालयात नेते, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. त्यामुळे ती सकाळी आधी चूल पेटवायची, मग तोंड धुवायची. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर आई गेल्याच आठवड्यात येऊन गेली, असं ती डोळ्याची पापणी न लववता सांगायची. खोटं बोलणं तिला इतकं सफाईनं जमायला लागलं की बाईंना तिचं कौतुकच वाटे; किती समजूतदार मुलगी, म्हणायच्या. पोरगी जेवायला कधी बसत नसे. तोदेरला मक्याच्या पिठाची मामालिगा वाढायची, वर दूध घालायची, आणि आपण चुलीपाशी उभ्यानंच दोन घास गिळायची, दाराकडे तोंड करून. कुत्रं भुंकलं की आधी तोदेरचा हात धरायची, मग कोण आलंय ते बघायची.

आईचे पैसे यायचे, फोनही यायचा, पण तोदेर फोनपाशी यायचा नाही. तोदेरला बोलता यायला लागलं तसं तो आईबद्दल विचारायला लागला. मक्याची कणसं सोलताना, अक्रोड फोडताना त्याचा तो एकच धोशा. आई कशी आहे? रुक्सांदानं आधी खरं तेच सांगितलं. आईचे केस लांब आहेत. कपडे धुताना ती गाणं म्हणते. तिला शेळीचं चीज आवडत नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या आठवणी त्या किती असणार? त्या लवकरच संपल्या, आणि तोदेरचे प्रश्न काही संपेनात.

मग ती रचायला लागली. इटलीतली म्हातारी समुद्राला घाबरायची, तर आई तिला पाठुंगळी घेऊन पाण्यात गेली. आईची वेणी एवढी लांब, की ती खिडकीबाहेर सोडून त्यावर कपडे वाळत घालते. तिथल्या गल्लीत एक काणी हंसीण आहे, ती सगळ्यांना चावते, पण आई दिसली की मान खाली घालते. पुढे पुढे त्या गोष्टींत एक मुलगाही आला. तो विहिरीत पडायचा, रानात चुकायचा, लांडग्यांच्या तावडीत सापडायचा, आणि दरवेळी अगदी शेवटच्या क्षणी आई येऊन पोचायची. तोदेर कधी मुद्दाम विचारायचा, "आणि आईला उशीर झाला तर?" रुक्सांदा म्हणायची, "तिला उशीर होत नाही."

एका हिवाळ्यात तोदेरला ताप भरला. बर्फानं रस्ता बंद, डॉक्टर यायची सोय नाही. मावशी व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवत होती आणि तोंडानं प्रार्थना पुटपुटत होती. पोराचं अंग निखाऱ्यासारखं झालं होतं. तो कुणालाच ओळखत नव्हता, नुसता आई आई करत होता. मावशी पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा रुक्सांदानं त्याला उचलून छातीशी घेतलं आणि आवाज बदलून म्हणाली, "आले रे बाळा. आले मी. झोप आता." तो खरंच झोपला. जागा झाला तेव्हा ताप उतरला होता, आणि त्याचं पहिलं बोलणं होतं, आई येऊन गेली. तिच्या हाताला साबणाचा वास होता. रुक्सांदानं त्याला नाही म्हटलं नाही. नाही म्हणणार तरी कोण?

आग्लाया आली ती तोदेर सात वर्षांचा असताना, उन्हाळा सरता सरता. तिला शेवटी कागद मिळाले होते. ती दोघांना न्यायला आली होती. अख्खी गल्ली मिनीबसपाशी जमली. रुक्सांदानं तोदेरला नवा सदरा घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. बसमधून एक ठेंगणी, थकलेली बाई उतरली. केस मानेपर्यंत कापलेले आणि तांबूस रंगवलेले. माणसं उचलून उचलून तिची कंबर गेली होती, ती एका बाजूला कलून चालत होती. तिनं गुडघे टेकले, हात पसरले आणि रडायला लागली. तोदेर तिच्या बाजूनं वळसा घालून बसच्या दारापर्यंत गेला. आत वाकून बघितलं. मग रुक्सांदाकडे वळून त्यानं विचारलं, "आई कुठंय?"

लोक हसले. लहान आहे, बावरलाय, म्हणाले. आग्लायाही डोळे पुसत हसली.

पण ते बावरणं नव्हतं. तोदेर तिच्याशी अतिशय नीट वागायचा. तिनं दिलेली चॉकलेटं घ्यायचा, आभार मानायचा. "तुम्ही बसा," म्हणायचा. "तुम्हाला पाणी हवंय का?" पाद्रीबाबांशी बोलावं तसं. पडला, खरचटलं की तिच्यासमोरून रडत पळत रुक्सांदाकडे जायचा. एकदा त्यानं रुक्सांदाला हळूच विचारलं, की या बाई किती दिवस राहणार, आणि आई येईल तेव्हा त्यांना कुठं झोपवायचं. आग्लाया दारामागे उभी होती. तिनं ते ऐकलं.

त्या दुपारी तोदेर बाहेर गेल्यावर तिनं रुक्सांदाला धरलं. "काय काय भरवलंस गं त्याच्या डोक्यात? मी तिथं लोकांचं हगणंमुतणं काढत होते, ते कुणासाठी? आणि माझं पोर मला अहोजाहो करतंय."

"त्याला कुणीतरी हवं होतं," रुक्सांदा म्हणाली.

"मग मी होते की."

"तू नव्हतीस."

ती हे रागानं म्हणाली नाही. पाऊस नव्हता, म्हणावं तसं म्हणाली. आग्लाया चुलीपाशी टेकली. तिनं लेकीच्या हातांकडे बघितलं. भेगाळलेले, मोठ्या बाईसारखे हात. तिनं ते हातात घेतले, चोळले, आणि म्हणाली, "ये, बस माझ्याजवळ." रुक्सांदा बसली. पण तिला बसणं जमेना. पाठ ताठ, नजर चुलीवरच्या भांड्यावर. दूध उतू जाईल, म्हणून ती उठली. दूध तापायला ठेवलेलंच नव्हतं.

दोघींनी मिळून ठरवलं, की त्याला खरं सांगायचं. म्हणजे आग्लायानं विनवलं आणि रुक्सांदानं मान हलवली. तूच सांग, आई म्हणाली; माझं तो ऐकणार नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोघं कणसं सोलत बसली असताना तिनं सांगितलं. हंसीण नव्हती. वेणी नव्हती. म्हातारीला पाठुंगळी घेऊन समुद्रात कुणी गेलं नाही. ते सगळं मी रचलं. आई हीच, आत आहे ती, दुसरी कुणी नाही. तोदेर कणीस सोलत राहिला.

"आणि मला ताप आला तेव्हा?"

रुक्सांदाला वाटलं, एवढं एक राहू द्यावं. पण आतली बाई खिडकीशी उभी होती.

"तेव्हा मीच होते."

"कुणीच आलं नव्हतं?"

"मी होते ना तोदेर."

"तू तर नेहमीच असतेस," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गोष्टीतला तो मुलगा विहिरीच्या तळाशीच राहिला असावा आणि हे त्याला आत्ता कळलं असावं, तसा त्याचा चेहरा झाला. त्यानं हातातलं कणीस टोपलीत ठेवलं, उठला आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर तो एकदम शहाणा झाला. आग्लायाला आई म्हणायला लागला. जेव म्हटलं की जेवायचा, चल म्हटलं की चालायचा. आग्लाया आनंदली. रुक्सांदाला मात्र ते शहाणपण ओळखीचं वाटलं. तसंच शहाणपण ती स्वतः नऊ-दहा वर्षांची असल्यापासून अंगावर वागवत आली होती. त्याच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप केला होता.

जायचे दिवस जवळ आले तेव्हा तिनं आईला सांगितलं, की मी येत नाही. मी असले तर तो तुझ्याकडे कधीच येणार नाही, सारखा माझ्याकडे बघत राहील. मी मावशीकडे राहते, शाळा पुरी करते. आग्लाया नको म्हणाली. तिला वेडी म्हणाली, रडली. मग तिनं विचारलं, मावशीला चालेल का. तिनं आणखी एकदा नको म्हटलं असतं, तर रुक्सांदा गेली असती. तिची गाठोडी बांधलेली होती. पण आग्लायाला आपलं पोर हवं होतं, आणि ही लेक तिला पोर वाटतच नव्हती. पंधरा वर्षांची ती मुलगी आग्लायाला आपल्याहून वयानं मोठी वाटत होती.

बसपाशी तोदेरनं विचारलं, "तू येणार आहेस ना मागून?"

"येणार आहे. ख्रिसमसला."

त्यानं तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. "हेही रचलंयस का?"

रुक्सांदाला त्याच्याशी खोटं बोलणं कधीच जड गेलं नव्हतं. आज जीभ उचलेना. "हो," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि बसमध्ये चढला. आग्लायानं त्याला खिडकीशी बसवलं. बस निघाली तेव्हा तो समोर बघत होता.

रुक्सांदा घरी आली, झोपली, आणि दिवसभर झोपूनच राहिली. चूल पेटली नाही. धुराड्यातून धूर दिसेना, तेव्हा मावशी सूप घेऊन धावत आली. पोरगी अंथरुणावर बसली होती, केस पिंजारलेले, हात मांडीवर उघडे पडलेले.

"मावशी, आता मी काय करू?"

एवढ्या वर्षांत तिनं कुणालाच काही विचारलं नव्हतं. मावशीनं जवळ बसून तिला कुशीत ओढलं, आणि यावेळी पोरीनं मान काढून घेतली नाही. ती रडायला लागली. पंधरा वर्षांची मुलगी रडते तशी नाही. आजी गेली तेव्हाच्या त्या लहान पोरीचा आवाज होता तो, बारीक, हुंदके देत देत, मध्येच श्वास अडकणारा. खरं तर तो तेव्हाच ऐकू यायला हवा होता, पण तेव्हा तो निघालाच नव्हता. रडता रडता ती आईलाच हाका मारत होती. कुठल्या आईला, ते मावशीला कळलं नाही.

नंतर ती सूप प्यायली. मावशीनं गाय आपल्या गोठ्यात नेली आणि घराला कुलूप लावलं. रविवारी फोन येत. तोदेर शाळेत जातो, पोहायला शिकतोय, आग्लाया सांगायची. मग त्याला फोन द्यायची, आणि तो म्हणायचा की तो बरा आहे. रुक्सांदा म्हणायची, तीही बरी आहे. मग दोघं काही वेळ फोन कानाला लावून नुसती उभी राहायची, आणि आग्लाया तिकडून म्हणायची, "बोला की रे, काहीतरी बोला."