काकूंची वीत

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही या इमारतीत राहायला आलो. तो सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. दिवसभर मी आणि आमचं गाठोडं, म्हणजे अजून रांगणारी लेक. तिच्याशी मी इतकी बोलते की कधी कधी तीच कंटाळून डोळे मिटते.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्यांच्याकडे इमारतीतल्या बायका मिळून एक गोधडी शिवत होत्या. प्रत्येक घरचा एक चौकोन. जिन्यात काकू म्हणाल्या, "तूही दे गं एक. नऊ तुकडे जोड, दोन वीत लांब, दोन वीत रुंद. बुधवारी सगळे एकत्र जोडायचेत."

इथे आल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

आईच्या जुन्या गाऊनचं निळं कापड घेतलं, नवऱ्याच्या विरलेल्या शर्टाचं पांढरं. लेक झोपली की तीन-तीन तुकड्यांच्या पट्ट्या शिवायच्या, मग पट्टीला पट्टी. शिवणीत जाणारं कापडही आठवणीनं जास्त धरलं. शेवटी इस्त्री फिरवून वीत टाकली. बरोब्बर दोन!

बुधवारी दुपारी लेकीला घेऊन काकूंकडे गेले. माझा चौकोन बाकीच्या चौकोनांमध्ये ठेवला, तर चारी बाजूंनी बोटभर फट.

"अगंबाई, आटला की काय हा?" एक जण म्हणाली.

"मोजलास कुणाच्या वितीनं?" दुसरीनं विचारलं.

"माझ्या."

हशा पिकला. "अगं, इथे वीत म्हणजे काकूंची! सगळ्यांना ठाऊक आहे."

मला सांगायला कोण होतं? कान तापले. चौकोन उचलून निघावं म्हणून हात पुढे केला, तर काकूंनी तो धरून आपल्या पंजावर ठेवला. माझी बोटं त्यांच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोचेनात.

"एवढासा तर हात! बस खाली. भोवती पट्टी लाव."

त्यांच्याच चिंध्यांतली हिरवी पट्टी मी टाचत होते. बाकीच्या जणी कुणा मास्तरीणबाईंची नक्कल करून हसत होत्या. त्या कोण, मला माहीत नव्हतं. मी जरा उशिरा हसले. चौकोन नीट बसला. तेवढ्यात गाठोड्यानं भोकाड पसरलं.

"येते हं," मी म्हणाले. बोलण्याच्या नादात कुणाला ऐकू गेलं नाही.

वर येऊन कुलपात किल्ली घातली. खालून पुन्हा हसणं आलं. किल्ली न फिरवता मी तशीच उभी राहिले. कडेवरची लेकही रडं थांबवून ऐकत होती.