डिलियाचे तीन मुलगे

मंगळवारच्या टपालात डिलियाचा फोटो आला. लाइटचं बिल, मेंढ्यांच्या औषधाची जाहिरात आणि त्यांच्या मधोमध ती, निळ्या कार्डिगनमध्ये. तिला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

ते प्रचाराचं पत्रक होतं. युरोपच्या नव्या कराराला आमच्या देशाने आदल्या वर्षी नाही म्हटलं होतं. आता सरकारने काही लेखी हमी मिळवून तोच प्रश्न पुन्हा विचारला होता. पत्रक नाही-वाल्यांचं होतं. फोटोखाली लिहिलं होतं: "मी डिलिया हेशन. मी एक आई आहे. या करारामुळे माझ्या तिन्ही मुलग्यांना युरोपच्या सैन्यात जबरदस्तीने भरती करतील. मी तो शब्द न् शब्द वाचला आहे."

आम्हाला तीन मुली आहेत.

आदल्या वर्षी डिलिया नाही-वाली होती, हे खरं. मी हो-वाला. मी चाळीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्त्यांवर डांबर टाकलं आणि त्याचे बरेच पैसे युरोपकडून, ब्रसेल्सहून येत, म्हणून मी हो. ती म्हणाली, तुझं डांबर तुझ्यापाशी. मतदानाला आम्ही एकाच गाडीतून गेलो, एकमेकांचं मत खोडलं आणि घरी येऊन बटाटे उकडले.

त्या वेळी तिने साप्ताहिकाला एक पत्र पाठवलं होतं. ते छापून आलं, हाच फोटो होता त्यावर. पत्र चार ओळींचं होतं. "मी करार एकेचाळीस पानांपर्यंत वाचला. पुढचा मला कळला नाही. जो कागद मी पुरता वाचलेला नाही त्यावर मी सही करत नाही, म्हणून मी नाही म्हणणार. तुम्हाला कळला असेल तर तुमचं तुम्ही ठरवा."

ऑगस्टच्या जत्रेत ती घरगुती पावांची परीक्षक असायची. फादरच्या बहिणीच्या पावाला तिने एकदा तिसरा नंबर दिला, आतून कच्चा म्हणून. फादर समोरच बसले होते. अशी बाई.

दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "काय रे कोल्मन, पोरगे कुठे लपवलेस? गवत कापायला तर कधी दिसले नाहीत!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि मग मात्र हसू येईना. आमच्या गावाला मुली ठाऊक होत्या. पण पत्रक अख्ख्या काउंटीत गेलं होतं. बाकीच्यांना डिलिया हेशन कोण हे एवढंच कळणार होतं: खोटं बोलून मतं मागणारी एक बाई. तिला तर आता उत्तरही देता येत नव्हतं.

आमच्या भागात नाही-वाल्यांचं काम बघायचा तो फेस्टी मॅनियन. पलीकडच्या टेकडीवर राहतो. लहानपणापासून ओळखतो त्याला. मी पत्रक घेऊन गेलो तेव्हा तो गोठ्यात होता.

"हे तू वाटलंस?"

"आपल्या भागात मीच वाटलं. तुझी हरकत नसेल असं वाटलं. चांगला आलाय फोटो."

"फेस्टी, वाच."

त्याने चष्मा लावला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"मुलगे?"

"तीन."

"आईशप्पथ, कोल्मन, मी हे लिहिलेलं नाही. लंडनची ती मंडळी आहेत ना, त्यांचा फोन आला. म्हणाले, गावातलं एखादं साधं माणूस द्या, छपाई आमची. मी तिचं कात्रण पाठवलं. खोके आले तसे वाटले."

"लंडनच्या लोकांना आपल्या मतदानाशी काय करायचंय?"

"त्यांनाही युरोप नकोय. म्हणाले, तुम्ही पाडलात तर आमचंही काम होईल."

"आणि न वाचता वाटलंस? ती एकेचाळीस पानं वाचून थांबली. तुला एक पान झेपलं नाही?"

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "मतदान दहा दिवसांवर आलंय. आत्ता बोभाटा करू नकोस. तिच्याच बाजूचं नुकसान होईल."

ते मला पटण्यासारखं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

बुधवारी घरी डेर्व्हला नावाची गावातली बाई आली. हो-वाल्यांचं काम तीच बघायची. घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आली होती. तिने पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "कोल्मन, हे रेडिओवर सांगायलाच हवं. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालतात म्हणजे काय!"

"सांगतो."

"आणि एक वाक्य फक्त. आता हमी मिळाल्यात, तर डिलिया असती तर या वेळी हो म्हणाली असती. तुम्ही म्हणालात तर लोक ऐकतील."

"तिने पडदेसुद्धा एकोणतीस वर्षं बदलले नाहीत, डेर्व्हला."

"तुम्ही विचार करा," ती म्हणाली आणि ॲपल पायचा मोठा तुकडा मला वाढला.

शुक्रवारी तिनेच मला स्टुडिओत नेलं. आमच्याकडे बातम्यांनंतर रेडिओवर मयतांची नावं वाचतात: कोण गेलं, कुठे ठेवलंय, चर्चमधली मिस्साची प्रार्थना किती वाजता. त्या वेळी काउंटीत कोणी बोलत नाही. कार्यक्रम चालवणारा जार्लथ म्हणाला, "तुम्हाला नावांच्या लगेच नंतर घेतो. तेव्हा सगळे ऐकत असतात. पुढे बटणं फिरवतात."

डिलियाचं नाव वाचलं होतं त्या दिवसापासून मी ती वेळ झाली की मेंढ्यांकडे जात असे. त्या दिवशी कानाला हेडफोन लावून सातही नावं ऐकली. बसलो, ऐकली, झालं.

"कोल्मन, तुमच्या पत्नीला तीन मुलगे आहेत का?" जार्लथने विचारलं.

"असतील तर मला सांगितलं नाही तिने."

काचेपलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. मग मी सांगितलं की हे शब्द तिचे नाहीत, लंडनहून कोणीतरी लिहून पाठवलेत, आणि सैन्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. तिचं खरं पत्र खिशात होतं, ते वाचलं. चारच ओळी होत्या.

"आज त्या असत्या तर? मत बदललं असतं?"

काचेपलीकडे डेर्व्हला मान हलवत होती. हो म्हणा, हो म्हणा.

"नाही," मी म्हणालो. "मी हो म्हणणार आहे. ती नाहीच म्हणाली असती."

परतताना गाडीत डेर्व्हलाने आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "आज तुम्ही त्यांना शंभर मतं मिळवून दिलीत."

"असेल."

"माझ्या आईच्या पावाबद्दल डिलिया काय म्हणाली होती, माहितीये?"

"नाही."

"खिडकीची फट बुजवायला चांगला आहे म्हणाली." आणि ती हसायला लागली. मीही हसलो. घर येईपर्यंत हसत होतो आम्ही.

शनिवारी सकाळी फेस्टीची गाडी अंगणात आली. उतरून तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यापुढे कधी टोपी काढली नव्हती.

"लंडनला फोन केला," तो म्हणाला. "चूक मजकूर लिहिणाऱ्याची, म्हणाले. आणि विचारतात कसे, मुलगे असलेली दुसरी कोणी बाई आहे का तुमच्याकडे?"

"मग?"

"फोन ठेवला. उरलेली पत्रकं कोंबड्यांखाली अंथरलीत." त्याने गाडीतून एक गठ्ठा काढला. डिलियाच्या खऱ्या पत्राच्या प्रती होत्या. वर लिहिलं होतं, 'आधीचं पत्रक खोटं होतं. माफ करा.' आणि खाली त्याचं नाव आणि पत्ता. "कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर घर सापडायला हवं. ते जिथे जिथे टाकलं त्या छप्पन्न घरांत हे देणार. तुझी परवानगी असेल तर."

"छप्पन्न घरांना फाटकंही तितकीच. गाडीतून एकटा चढणार-उतरणार? गुडघे बघ तुझे."

"मग काय करू?"

"तू चालव. फाटकं मी उघडतो."

दिवसभर फिरलो. दोन कुत्र्यांनी माझी विजार धरली. तीन घरांत चहा झाला. विसाव्या फाटकाला मिसेस काइन दारात आली.

"कोल्मन? तू नाही-वाल्यांत गेलास की काय?"

"नाही बाई. मी होच म्हणणार."

"मग हे कसलं वाटतोयस?"

"हे डिलियाचं आहे."

तिने हात एप्रनला पुसून कागद घेतला. दारात उभ्या उभ्याच वाचला, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हां," ती म्हणाली. "ही डिलिया." आणि आत जाऊन तिने तो कागद कपाटाच्या काचेला, नातवंडांच्या फोटोंशेजारी खोचला. "त्या फेस्टीला म्हणावं, गाडीत काय बसलायस, आत ये. किटली चढवते."