एकतीस चित्रांचा उजवा पाय

साहेब, तुम्ही माझ्या वडिलांचा पाय ढापलात. आधी मला वाटायचं की चुकून झालं असेल. माझीही चूक होती, ती पुढे सांगतेच. पण अकरा दिवसांपूर्वी तुम्ही दार लोटून घेऊन जे बोललात, त्यानंतर ‘चुकून’ हा शब्द मी खोडला. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि माहीत असूनही तो कागद माझ्याकडे सहीला आला.

हे मी फक्त तुम्हाला पाठवणार नाही, म्हणून ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

मी ॲनिमेशन करते. सोळा वर्षं झाली, त्यातली नऊ तुमच्याकडे. हे शिकायला कुठे गेले नाही. वडील घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे. भरलेल्या नोंदवह्या रद्दीत जायच्या आधी ते मला आणून द्यायचे. वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर एक चित्र काढायचं आणि अंगठ्याने पानं फर्रकन सोडायची, की माणूस पळायला लागायचा. माझं कॉलेज म्हणजे तेवढंच.

तुमच्याकडे मी पात्रांना चालवते. कोणी चेहरे करतं, कोणी ओठ हलवतं, माझ्याकडे पाय. म्हणून ऑफिसात मला सगळे ‘पायवाली’ म्हणतात. ‘पायवाली, हा हत्ती उंदरासारखा चाललाय, जरा बघ.’ मग मी त्याला वजन देते. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात आणि धडधाकट माणसाचं एक पाऊल साधारण बारा चित्रांत पडतं. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

तीन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, थोडी परत आली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तेव्हापासून ते रोज सकाळी घरातून निघतात आणि कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत जातात. दुकानदार त्यांच्यासाठी बाहेर स्टूल ठेवतो. एकशे चाळीस पावलं. मी मोजली आहेत, कारण मला त्यांच्यावर फिल्म करायची होती. माझी स्वतःची, सुट्टीच्या दिवशी घरी बसून केलेली, सात मिनिटांची. एक माणूस दारातून निघतो आणि थांबत थांबत कोपऱ्यापर्यंत जातो.

‘मग पुढे काय होतं?’ असं मला पन्नास जणांनी विचारलं.

‘पोचतो,’ असं मी पन्नास वेळा सांगितलं.

त्यांची चाल पकडायला मला सात महिने लागले. उजवा पाय उचलण्याआधी उजवा खांदा वर जातो, वरून कोणी दोरी ओढल्यासारखा. मग कंबर बाहेर फिरते आणि पाय फरशीवर अर्धं वर्तुळ काढत पुढे येतो. या एका पावलाला एकतीस चित्रं लागतात. डावं पाऊल नऊ चित्रांतच उरकतं, कारण तेवढा वेळ सगळा भार उजव्यावर असतो आणि उजव्याचा काही भरवसा नाही. डावा हात सतत भिंतीवर. हे मी मनाने रचलेलं नाही. फोनवर चित्रण करून, थांबवून थांबवून काढलेलं आहे.

आता माझी चूक. घरचा संगणक जुना, चालीत वजन आलंय की नाही ते त्याच्यावर नीट दिसेना. म्हणून चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी ती चाल ऑफिसच्या सांगाड्यावर बसवून बघितली. सांगाडा म्हणजे पात्राच्या आतली हाडं. ती एकदा हलवून ठेवली की त्यांच्यावर काहीही चढवता येतं. माणूस, अस्वल, हवं तर कपाट. काम झाल्यावर प्रत घरी नेली, आणि मूळ फाइल ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये तशीच राहिली. ‘बाबा १४०’ नावाची. इतकी वर्षं तिथे घासून मला एवढं कळू नये? पण नाही कळलं.

पुढच्या वर्षी आपल्या कंपनीच्या मुलांच्या मालिकेत एक चोर बोका आला, दोन पायांवर चालणारा. त्याला विनोदी चाल हवी होती. ज्याच्याकडे ते काम होतं त्याला आम्ही चष्मिस म्हणतो. त्याने फोल्डर धुंडाळलं, ‘बाबा १४०’ उघडून बघितली, थोडी वेगात केली आणि बोक्यावर चढवली. बोका हां हां म्हणता गाजला. मुलांच्या दप्तरांवर बोका, पाण्याच्या बाटल्यांवर बोका. आमच्या गल्लीतली पोरं खांदा उडवून, पाय फरफटत एकमेकांच्या मागे लागायची आणि हसून लोळायची. मी तेव्हा दुसऱ्या कामावर होते, मालिका बघत नव्हते. पोरं कोणाची नक्कल करतात ते मला कळलंच नाही.

कळलं ते घरी. आई टीव्हीसमोर मटार सोलत बसली होती.

“अगं ए, इकडे ये आधी. हा बोका तुझ्या बाबांसारखा चालतोय.”

मी बघितलं. खांदा, कंबर, अर्धं वर्तुळ, सगळं तेच.

“अहो, बघा की,” आई वडिलांना म्हणाली. “तुमच्यापेक्षा चपळ आहे मात्र.”

वडिलांनी संपूर्ण भाग बघितला. तो संपल्यावर म्हणाले, “डावा हात चुकलाय त्याचा. मी भिंत धरतो. हा काय धरतोय, हवा?”

“बाबा, ती माझी फाइल आहे. ऑफिसमध्ये राहिली होती, ती कोणीतरी…”

“ते असू दे. तुझी फिल्म कुठवर आली?”

दुसऱ्या दिवशी मी चष्मिसला सांगितलं. पोरगा पांढराफटक पडला. “ताई, आईशप्पथ, मला वाटलं तुम्ही गंमत म्हणून केली असेल.” त्याच्यावर माझा राग नाही, हे इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या तुम्ही त्यालाच बळीचा बकरा कराल. मी विषय सोडून दिला. बोका बंद करा असंही म्हटलं नाही. वडिलांना नसेल टोचत तर मी कशाला उकरू?

मग फिल्म पूर्ण झाली. एका महोत्सवात निवडली गेली. त्यांचा नियम असा, की चित्रकार नोकरीत असेल तर मालकाचं दोन ओळींचं पत्र हवं: या फिल्मवर आमचा हक्क नाही. पत्र नाही तर फिल्म नाही. मी फिल्म जोडून तुमच्याकडे अर्ज केला, चाल ऑफिसात बसवून बघितली होती हेही त्यात लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी कायदा विभागाचं उत्तर आलं. ‘सदर चाल ही कंपनीच्या साधनांवर निर्माण झालेली असून तिचे सर्व हक्क कंपनीकडे आहेत. आपल्या चित्रपटात अन्य चाल वापरावी.’

अन्य चाल. जसा काही माझ्याकडे दुसरा बाप कपाटात ठेवलेला आहे.

मी तुमच्या खोलीत आले. आठवतंय ना?

“अगं, बदलून टाक ना,” तुम्ही म्हणालात. “तुला काय, दोन दिवसांचं काम. बघणाऱ्याला कुठे कळतंय?”

“मग बोक्याची बदला.”

तुम्ही हसलात. मग उठून दार लोटलंत आणि आवाज खाली आणलात. “हे बघ, हे आपल्यातच राहू दे. तुझी फिल्म आणि आपला बोका कोणी शेजारी शेजारी लावले तर? उद्या म्हणतील, मुलांच्या मालिकेत आजारी माणसाची टिंगल केली. कळतंय का तुला?”

कळलं. म्हणजे हक्काबिक्काचं काही नव्हतं. बोक्याच्या आत कोण आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते बाहेरच्या कोणाला दिसू नये म्हणून माझी फिल्म अडकवायची होती.

घरी येऊन सांगितलं. वडील म्हणाले, “मला घेऊन चल.”

“कुठे?”

“तुझ्या साहेबाकडे.”

“आणि तिथे धरायला भिंत आहे का?” आईने विचारलं.

“काचेच्या आहेत,” मी म्हणाले.

“मग धरता येतील की.”

लिफ्टपासून तुमच्या खोलीपर्यंत लांब बोळ आहे. एका बाजूला काच, काचेमागे आमचे सगळे लोक. वडील डावा हात काचेवर ठेवून निघाले. रिसेप्शनवरची मुलगी पहिल्या चार पावलांना हसली. ती वाईट नाही. तिच्या टेबलावर बोक्याची बाहुली असते आणि ओळखीचं काही दिसलं की माणूस हसतो. पाचव्या पावलाला ती उभी राहिली. काचेमागे एकेक मान वर झाली. आमच्या लोकांना हे समजायला कोणी सांगावं लागत नाही, दिवसभर तेच बघत बसतात ते. चष्मिस धावत बाहेर आला, पण हात पुढे करावा की नाही ते त्याला कळेना. वडील त्याला म्हणाले, “बाजूला हो बाळा, वळताना मला जागा लागते.”

तुम्ही खुर्ची दिलीत, पाणी मागवलंत, त्यांना ‘काका’ म्हणालात. पाणी पिऊन ते बोलले. जीभ अजून जड आहे, म्हणून सावकाश. “एकतीस वर्षं मी लोकांच्या घरचे आकडे लिहून नेले. वही कंपनीची, पेन कंपनीचं. म्हणून ती वीज काही कंपनीने जाळली असं होत नाही. ज्याची त्याची ती.”

“काका, तुम्ही काळजी करू नका. मी विचार करून कळवतो,” तुम्ही म्हणालात आणि स्वतः लिफ्टपर्यंत आलात. जाताना वडील मला म्हणाले, “माणूस बरा वाटतो गं.”

त्या बऱ्या माणसाचा कागद सोमवारी आला. मी सही केली तर पत्र मिळेल, फिल्म आहे तशी दाखवता येईल. सही खालील मजकुरावर करायची आहे: ‘बोका या पात्राची चाल पूर्णतः काल्पनिक असून तिचा कोणत्याही जिवंत अथवा मृत व्यक्तीशी संबंध नाही.’

मी तो घरी मोठ्याने वाचला.

“कर सही,” वडील म्हणाले. “कागद आहे नुसता. माझं काय जातंय? सात मिनिटं लोक बघतील तरी.”

“आणि उद्या कोणी विचारलं की हा फिल्ममधला माणूस कोण, तर ही काय सांगणार?” आई म्हणाली. “बोक्यावरून काढलाय म्हणून?”

वडिलांनी पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि ते खिडकीकडे बघत बसले. मी दोन दिवस तो कागद बॅगेत घेऊन फिरले. पेनही एकदा हातात घेतलं, खोटं कशाला बोलू. ही फिल्म म्हणजे माझी तीन वर्षं आहेत, आणि वडिलांना ती पडद्यावर बघायची आहे. मला माहीत आहे. तोंडाने म्हणत नाहीत एवढंच.

पण सही होणार नाही. चाल बदलणार नाही. एक चित्रही इकडचं तिकडे करणार नाही. महोत्सवाची मुदत शुक्रवारी दुपारी बाराला संपते. माझी फिल्म तुमच्या पत्राशिवाय पडून राहिली तर राहील, पण का राहिली ते तुमच्या हातचं लिहिलेलं मला हवं आहे.

म्हणून एकच प्रश्न विचारते. कायदा विभागाकडे ढकलू नका, स्वतः उत्तर द्या. तुमच्या कागदाप्रमाणे त्या चालीचा कोणत्याही जिवंत किंवा मेलेल्या माणसाशी संबंध नाही. मग काच धरत तुमच्या बोळातून जो आला, तुमच्या समोरच्या खुर्चीत बसून जो पाणी पिऊन गेला, तो जिवंत होता की मेलेला? की तुमच्या हिशेबी तो माणूसच नव्हता?

शुक्रवारी बाराच्या आत लिहून कळवा.