रोजच्या दिसाचा फोटू

"धुळाप्पा, दिस कासराभर राहिला रं, मेंढरं वळव."

टेकाडावरून अशी हाक मारणारी आई जाऊन कैक वर्षं लोटली होती. तरी उन्हं कलायला लागली की धुळाप्पाच्या कानात ती हाक उठायचीच. हाक मारून झाली की आई वाऱ्यावर ओवीही सोडून द्यायची:

दिस कलला बाई, बाभळीच्या शेंड्यावरी
बाळ माजं येतं, कळपाच्या मागावरी

आता ती हाक आली की म्हातारा गच्चीचा जिना धरायचा. जुळे सोलापुरातल्या लेकाच्या फ्लॅटात आणखी कुठं जाणार? हातात मोबाईल, आणि दोन पायऱ्या मागं सून सुकन्या.

डोळ्यांच्या दवापाण्यासाठी लेकानं, युवराजनं, त्याला सांगोल्याकडच्या गावाहून इथं आणलं होतं. मागं राहिली गोजाबाई आणि मेंढरं. निघताना गोजाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं, की रोज बुडत्या दिसाचा एक फोटू धाडा. फोटू येतोय तवर तुमचे डोळे हायती असं मी समजंन, आणि तुमी येस्तवर एक मेंढरू हलू देणार न्हाय. भाचा जोतीराम कळप आपल्या कळपात घ्यायला तयारच होता. फोटू त्याच्याच मोबाईलवर यायचा. गोजाबाई तो बघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी उचलायची.

पहिले काही दिवस फोटू खरे होते. डोळ्यांत न मावणारा लालभडक गोळा मोबाईलमध्ये मात्र जोंधळ्याच्या दाण्याएवढा यायचा. धुळाप्पा हसून म्हणायचा, ह्या मोबाईलचं पोट लई बारकं हाय. पुढं दिसाच्या मधोमध राखेचा ठिपका पडला. ठिपका पसरत गेला, आणि होळी झाली तेव्हा राखेखाली काही उरलंच नव्हतं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं की बरं हाय म्हणायचा. सांगितलं असतं तर कळप गेला असता, आणि कळप गेल्यावर धुळाप्पा म्हणून कोण उरणार होतं? दाराजवळच्या खुर्चीत बसून चपलांचे आवाज ओळखणारा कुणाचा तरी बाप.

मग त्यानं आपली रीत काढली. गच्चीवर उभं राहायचं, ऊन ज्या गालाला लागेल तिकडं हळूहळू वळायचं. दोन्ही गाल सारखे तापले की दिस समोर आला. मोबाईल कपाळाच्या उंचीवर धरायचा आणि सुकन्यानं दाखवलेलं बाजूचं बटण दाबायचं. खटक. "छान आलाय, मामंजी," सुकन्या म्हणायची आणि फोटू पाठवून द्यायची.

काल मात्र गोजाबाईचा आवाज आला होता, जोतीरामच्या मोबाईलवर भरून पाठवलेला. आधी टोमणा होता. "आवं, जलमभर दिसाकडं पाठ करून मेंढरं मोजली, आन् आता म्हातारपणी त्याचे फोटू काढत फिरताय व्हय." मग आवाज जरा खाली आला. गुडघे सुजलेत, पर चालतंय म्हणाली. काल ओढ्यात बसले ती लवकर उठताच येईना. तुमी कवा येताय तेवढं सांगा.

रात्रभर त्या गुडघ्यांनी त्याला झोपू दिलं नाही.

आज तो वर आला तेव्हा वारा पडला होता. गाल फिरवला, ऊब लागली. थोडा वळला, दोन्ही गाल तापले. नेहमीपेक्षा जास्तच. मनात म्हणाला, आज दिस जवळ आलाय. बटण दाबलं. खटक. आणखी जरा बरा यावा म्हणून त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, आणि मोबाईल कशावर तरी आपटला.

त्यानं हात लावला. खरबरीत गिलावा होता. जिन्याच्या खोलीची भिंत. चैत्राच्या उन्हात दिवसभर तापलेली भिंत आता ऊब सोडत होती. माळावर त्यानं आयुष्य काढलं होतं. तिथं संध्याकाळी तोंडाला ऊब लागली तर ती दिसाचीच असायची, मधे दुसरं काही नसायचंच. शहरात भिंतीही ऊन साठवतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मागून सुकन्यानं मोबाईल हळूच त्याच्या हातातून घेतला.

"छान आलाय, मामंजी."

भिंतीवरचा त्याचा हात तसाच राहिला.

"लाल हाय का?"

"हाय की. लई लाल."

म्हणजे हिला ठाऊक होतं. किती दिवस, कोण जाणे. तो फोटू काढत होता आणि ती छान म्हणत होती. आणि दोघांच्या ह्या खोट्यापायी तिकडं गोजाबाई सुजल्या गुडघ्यांनी मेंढरांमागं चालत होती. त्याला पोरीचा राग आला नाही. राग यायला अंगात काही तरी जोर लागतो.

"हा फोटू पाठवू का?" हे विचारताना सुकन्या आता रडतच होती.

"नगं. आवाज धाडायचं बटण दाब, पोरी. आन् धरून ठेव."

तिनं मोबाईल त्याच्या तोंडाजवळ धरला. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज तेवढा भरला गेला असेल. मग तो भिंतीला टेकून बोलला.

"गोजा, मला दिसत न्हाय. होळीपासनं काय बी दिसत न्हाय. मेंढरं जोतीरामच्या हवाली कर. तू आता खाली बस."