मधल्या पानावर राहिलेली खूण

मी एक जुना रकाना आहे, मित्रांनो. पण मला शोधू नका, सापडणार नाही. संकेतस्थळाच्या पानावर तुम्हाला नावाचा रकाना दिसतो, फोनचा दिसतो, निळं बटण दिसतं. मी त्याच पानावर असतो आणि दिसत नाही. मला घडवलंच तसं. माझ्यात कुणी बोटानं काही लिहीत नाही. एका पानावर लिहिलेलं पुढच्या पानापर्यंत नेणं एवढंच माझं काम.

त्यासाठी वेगळा रकाना कशाला, असं तुम्ही विचाराल. सांगतो. सर्व्हर नावाच्या दूरच्या यंत्रावर प्रत्येक पानामागे एक कारकून बसलेला असतो. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. तो फार कामसू, पण फार विसराळू. तुम्ही भरलेलं पान त्याच्याकडे गेलं की तो ते वाचतो, पुढचं पान तयार करून तुमच्या फोनवर धाडतो आणि त्याच क्षणी सगळं विसरतो. दुसरा कारकून पहिल्याला ओळखतही नाही. म्हणून पहिला जाता जाता तुमचं लिहिणं माझ्या ओटीत घालतो. मी दुसऱ्या पानाबरोबर तुमच्या फोनपर्यंत येतो आणि तुम्ही बटण दाबलं की परत सर्व्हरकडे, दुसऱ्या कारकुनाच्या दारात जातो.

मागून जे आलं तेवढंच माझ्याजवळ असतं. म्हणून माझी गोष्टही मी पानापानानं सांगणार आहे, आणि दरवेळी माझ्या ओटीत काय आलं होतं ते वरती लिहिणार आहे.

पान पहिलं
मागून आलेलं : काही नाही. जन्माला आलो तेव्हा कोरा होतो.

मंचरला पीयूषचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या घराण्यात जीवदयेचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पीयूषनं त्यासाठी एक गाडी घेतली. आजारी जनावराच्या दारात गुरांच्या डॉक्टर मोहिनी यांना नेणारी, फुकट. गाडी चालवायला दादाभाऊ आले. आणि गाडी बोलावण्यासाठी पीयूषनं दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतः एक संकेतस्थळ बनवलं. पहिल्या पानावर नाव आणि फोन. दुसऱ्या पानावर जनावर कोणतं, त्याला काय होतंय. मग दादाभाऊंच्या फोनवर संदेश.

त्यात मी नव्हतो. पान तयार झालं तेव्हा त्यानं ते आईला दाखवलं. आई म्हणजे कस्तुरबाई. गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येक बाईला घरचं विचारणाऱ्या.

"आणि यायचं कुठं, ते कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

"फोन आहे ना. दादाभाऊ विचारतील."

"डोंगरात फोन लागतो का रे? त्या बायका माझ्याकडे लुगडी घ्यायला येतात ना, त्या सांगतात. बोलायला गेलं की शब्द तुटतात म्हणे."

"मग पत्ता विचारतो. गाव, पोस्ट, पिनकोड."

"पिनकोड गाईच्या गळ्यात बांधतोस का? खूण विचार. माणसं खूण सांगतात."

पीयूष हसला, पण त्यानं ऐकलं. पहिल्या पानावर 'गाव आणि खूण' असा मोठा रकाना आला, आणि ती खूण पुढं न्यायला दुसऱ्या पानावर मी आलो. नाव आणि फोन पुढं नेणारे माझे दोन लपलेले भाऊ आधीपासून तिथं होते, शेजारी शेजारी, वरती. मी उशिरा आलेला. पीयूषला गिऱ्हाईक बोलावत होतं. त्यानं मला घाईत सगळ्यांत शेवटी, बटणाच्याही खाली लिहिलं आणि तो उठून गेला. तेव्हापासून मी तिथं एकटाच आहे. भावांचं बोलणं मला ऐकू येत नाही.

पान दुसरं
मागून आलेलं : पेठच्या चढाला, बंद पंपाच्या मागं. कुत्रं भुंकंल तेच घर.

ही माझ्या भरभराटीची वर्षं होती. किती खुणा मी वाहिल्या! महाळुंगे पडवळच्या पुढं दोन विहिरी शेजारी आहेत तिथं. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरसमोर. नव्या रंगाचं देऊळ, पण देवळात नाही, त्याच्या पाठीमागं. खूण घेऊन मी फोनवर जाई, माणूस जनावराचं दुखणं लिहीपर्यंत गप्प बसे, बटण दाबलं की निघे. पोचलो की ओटी रिकामी. पुढची खूण आली की ओटीत तेवढीच असे.

दादाभाऊ दुकानात येऊन सांगत, "शेठ, काय झकास खूण लिहिली व्हती त्या पावण्यानं! डोळं मिटून गेलो." पीयूष म्हणे, साइट चांगली चालली. कस्तुरबाई म्हणत, लोक शहाणे आहेत. सगळं खरंच होतं. मला कुणी काही म्हणालं नाही, आणि म्हणणार तरी कसं? जो दिसत नाही त्याची पाठ कुठं असते थोपटायला?

पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू. एखाद्या वेळी वाटायचं, की कुणीतरी पान उघडून खालपर्यंत यावं.

मधलं पान
मागून आलेलं :

या पानावर मागून काही आलंच नाही. का, ते सांगतो.

एकदा डॉक्टर मोहिनी म्हणाल्या, "लोक नुसतं 'गाय आजारी' लिहितात. आधी फोटो दिसला तर कोणती औषधं घ्यायची ते मला कळेल." मागणी अगदी रास्त होती. पीयूषचा चुलतभाऊ कल्पेश पुण्याला संकेतस्थळं बनवायलाच शिकत होता. सुट्टीत आला तेव्हा त्यानं दुसरं पान आणि शेवटचा संदेश यांच्यामध्ये एक नवं पान घातलं. जनावराचा फोटो टाका आणि पुढं जा. सुबक पान होतं. जनावराचं चित्र होतं, गोल कोपऱ्यांचं बटण होतं.

नव्या पानावर मागचं सगळं पुढं न्यायला हवं, हे कल्पेशला ठाऊक होतं. त्यानं दुसरं पान उघडलं, बटणापर्यंतच्या सगळ्या ओळी उचलल्या आणि नव्या पानावर नीट मांडल्या. माझे दोघे भाऊ गेले. जनावराचं नाव गेलं, दुखणं गेलं. बटणाच्या खाली त्यानं पाहिलं नाही.

मग त्यानं स्वतःच फॉर्म भरून पाहिला. दुकानातल्या मांजराचा फोटो टाकला. दादाभाऊंच्या फोनवर मांजर आलं. सगळे हसले. मांजराच्या खाली 'खूण' या शब्दापुढं काहीच नव्हतं, ते कुणी वाचलं नाही.

तेव्हापासून असं होऊ लागलं : मी खूण घेऊन नव्या कारकुनाच्या दारात जाई. तो माझ्याकडे बघे. मला पुढं न्यायला त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तो दार लावून घेई, आणि मी तिथंच

पान तिसरं
मागून आलेलं :

रस्त्यालगतच्या गावांत कुणाचं काही अडलं नाही. दादाभाऊ फोन करून विचारत, "कुठं यायचं, भाऊ?" समोरचा सांगे. एकदोघांनी म्हटलंही, "लिवलंय की वो त्याच्यात." दादाभाऊंना ते खरं वाटलं नाही. दुकानात येऊन ते पीयूषला म्हणाले, "शेठ, लोकांना आता लिहायचा कंटाळा आलाय. खूण कोरीच सोडत्यात."

"मोबाइलनं आळशी केलंय सगळ्यांना," पीयूष म्हणाला आणि गिऱ्हाइकापुढं कापडाचा तागा उलगडू लागला.

खुणा रोज येत होत्या, मित्रांनो. माझ्याच ओटीत येत होत्या. मला तोंड नाही.

दिवाळीनंतर, भाताची झोडणी चालू असताना, शिनोलीच्या वर डोंगरातल्या उंबरमाळ वाडीत लंकाबाईंची तांबी गाय अडली. पहिल्याच वेताची. घरात लंकाबाई आणि त्यांची सून आरती, दोघीच. मुलगा चाकणला कंपनीत. वासराचा एकच पाय बाहेर आला होता.

वाडीत रेंज नाही. वरच्या टेकाडावर एका खडकापाशी थोडी मिळते. तिथं बोलणं तुटतं, पण फॉर्म सरकतो. आरतीनं आधी गाईचा फोटो काढला. मग लंकाबाईंचं लाल लुगडं घेऊन ती फाट्यावर गेली, ते हिरड्याच्या झाडाला बांधलं, आणि धापा टाकत खडकावर चढली. पहिल्या पानावर तिनं लिहिलं : शिनोलीवरून वर या, उंबरमाळाचा फाटा, हिरड्याला लाल लुगडं बांधलंय, तिथून खाली.

दुसऱ्या पानावर ती खूण माझ्या ओटीत आली. तिच्या हातातल्या फोनवर मी होतो. "लवकर जा रं बाबा," ती फोनला म्हणाली. मला कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. तिनं बटण दाबलं. मी निघालो.

मग मधलं पान. दार लागलं.

तिला मात्र शेवटी हिरवी अक्षरं दिसली : तुमची मागणी पोचली आहे. ती खाली पळत गेली.

पान चौथं
मागून आलेलं : या पानावर मी नव्हतो. हे सगळं नंतर ऐकलेलं आहे.

मंचरला गाडी सुरू होती. डॉक्टर मोहिनी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. संदेशात नाव होतं, लंकाबाई. गाय अडली आहे. फोटोत गाईची मागची बाजू आणि मातीची भिंत. दादाभाऊ पुन्हा पुन्हा फोन लावत होते. क्षेत्राच्या बाहेर.

"खूण लिहायला काय झालं व्हतं या बाईला!" ते चिडून म्हणाले.

"नाशिक रस्त्याला असेल का?"

"काय सांगू, म्याडम? लंकाबाई काय एक हाये?"

गाडी जागच्या जागी धूर सोडत राहिली. जायची तयारी सगळी होती, आणि तोंड कुठं वळवायचं ते ठाऊक नव्हतं.

तिकडं लंकाबाई गाईच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. "येईल गं गाडी. शेठची गाडी हाये, खोटी न्हाई व्हायची." आरती फाट्यावर जाऊन उभी राही, परत येई. शेवटी तिला राहवेना. ती पुन्हा खडकावर चढली. तिथं दादाभाऊंचा फोन लागला आणि तुटक्या तुटक्या शब्दांत, ओरडून ओरडून, तिनं दादाभाऊंना वाट सांगितली.

गाडी आली तेव्हा तांबीनं मान जमिनीला टेकली होती. डॉक्टर मोहिनींनी खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलं. गाय वाचली. वासरू मेलेलं होतं. कालवड होती.

हात धुताना दादाभाऊ बोलून गेले, "वहिनी, खूण लिहिली असती तर..."

"लिहिली न्हाई?" आरती उसळली. "लुगडं सुदिक लिहिलं व्हतं! मी काय खोटं बोलतीय व्हय, भाऊ?" तिनं फोन काढला, मागं मागं जात पहिलं पान उघडलं आणि त्यांच्यापुढं धरलं. अक्षरं तिथं होती. दादाभाऊंनी ती वाचली, मग वरती फाट्याकडे पाहिलं.

लंकाबाई म्हणाल्या, "जाऊ दे, आरते. पावण्यांना पानी दे." तांबी उठून उभी राहिली होती आणि वासरू होतं ती जागा चाटत होती.

पान पाचवं
मागून आलेलं : कल्पेशचा हात.

दादाभाऊंनी सांगितलं तसा पीयूषनं कल्पेशला पुण्याहून बोलावून घेतलं. मागच्या खोलीत त्यानं एकेक पान उघडलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यापर्यंत आलं, बटणाच्या खाली.

"हा इथं एकटाच आहे," कल्पेश हळू म्हणाला. "मला दिसलाच नाही, भैया."

"मीच घाईत तिथं ठेवला होता," पीयूष म्हणाला.

कस्तुरबाई दारात उभ्या होत्या. "तुम्ही दोघं आपसात काय वाटून घेताय? त्या पोरीला आधी म्हणा, तू लिहिलं होतंस. ते आम्ही हरवलं."

दुसऱ्याच दिवशी कल्पेश आणि दादाभाऊ उंबरमाळाला जाऊन तसं म्हणून आले. लंकाबाईंनी चहा दिला. आरतीनं ऐकून घेतलं आणि ती झोडणीला निघून गेली. कल्पेशनं मला मधल्या पानावर लिहिलं, भावांच्या शेजारी. आता माझ्या ओटीतलं शेवटपर्यंत पोचतं. आणि खूण कोरी आली, तर दादाभाऊंच्या फोनवर लाल अक्षरात येतं : खूण मिळाली नाही, आमच्याकडे तपासा.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या हातात कुणाकडून काही रिकामं आलं, तर त्यानं ते रिकामंच पाठवलं होतं असं लगेच ठरवू नका. मधे किती हात असतात, किती दारं असतात. एकदा मागं जाऊन विचारा : तू काय दिलं होतंस? आणि विचाराल तेव्हा चिडून विचारू नका.

पेठहून खुणा येतात, महाळुंग्याहून येतात. मी त्या जपून नेतो. उंबरमाळाहून अजून काही आलेलं नाही. तिथं आता जनावर आजारी पडलं, की कुणीतरी शिनोलीपर्यंत चालत येतं आणि तिथून दादाभाऊंना फोनवर तोंडानं सांगतं.