विकलेल्या संघाचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना लांब ढोल आहे. सध्या माझा मुक्काम खुंगतान गावात, भाजलेल्या माशांच्या एका टपरीत, मिठाच्या पोत्याशेजारी असतो. जागा मानाची नाही, पण कोरडी आहे, आणि ढोलाला कोरडेपणाशिवाय फारसे काही लागत नाही. माझी हकीकत सांगायची म्हणजे एका फुटबॉल संघाचीच हकीकत सांगावी लागेल. तो संघ आता नाही. मी आहे.

माझा जन्म आंगथाँगकडच्या एका खेड्यात झाला. तिथे घरोघरी ढोल होतात. सुताराने विलायती शिरीषाचे एक खोड आतून पोखरले, वरून रुंद ठेवले, कमरेत बारीक केले, तोंडावर गाईचे कातडे ताणून बसवले आणि मला लाल झालर नेसवली. तबल्याला जशी शाई, तसा मला भात. शिजलेला भात राखेत मळायचा आणि त्याचा गोळा माझ्या तोंडावर मधोमध थापायचा, मग माझा आवाज खाली उतरतो आणि घुमतो. वाजवून झाले की तो पुसून काढायचा. नाही पुसला तर उंदीर येतात. माझ्या काठावर कुरतडल्याच्या खुणा दिसतील, त्या विसरभोळ्या लोकांच्या कृपेने आहेत.

माझी पहिली वर्षे मिरवणुकांत गेली. कुणाचा मुलगा भिक्षू व्हायला निघाला की पुढे मी असायचो. मला खांद्यावर घेणारा गृहस्थ वारला, तेव्हा त्याच्या बायकोने मला उचलले. तिचे नाव लामदुआन. गाव तिला मावशी म्हणते. नदीतली मरळ मिठात लडबडवून निखाऱ्यावर भाजायची आणि नगरपालिकेच्या मैदानाच्या फाटकाशी विकायची, हा तिचा धंदा.

त्याच मैदानावर साखर कारखान्याचे कामगार आणि शाळेचे दोन मास्तर फुटबॉल खेळू लागले होते. सामन्याआधी म्हशी हाकलाव्या लागत. पुढे त्यांनी रीतसर संघ काढला, परवाना घेतला, लीगमध्ये नाव घातले आणि जर्सीच्या छातीवर मरळ काढली. तळे आटले तरी मरळ चिखलात जिवंत राहते म्हणे. संघही बरीच वर्षे चिखलातच होता.

मावशी मासे विकून झाले की मला घेऊन आत यायची. पाहुण्या संघाचे लोक तिची फिरकी घेत.

"काय मावशी, स्वतःचाच संघ भाजून विकता?"

"हो ना! आणि तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं की काटे फुकट देते."

मग एक वर्ष असे आले की शेवटचा सामना जिंकला तर खुंगतान थेट वरच्या लीगमध्ये जाणार होता. त्या दिवशी सकाळपासून नदीच्या वळणावरच्या देवळात रांग लागली. तिथल्या देवाला सगळे आजोबाच म्हणतात. प्रशिक्षकाने उकडलेल्या अंड्यांचा नवस बोलला, गोलरक्षकाने मुंडण करण्याचा. मावशी मला घेऊन गेली. आमच्याकडे देवापुढे माणूस स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'हत्तीचं पिल्लू' म्हणतो. मावशी उदबत्त्या कपाळाला लावून म्हणाली, "आजोबा, हे हत्तीचं पिल्लू पाया पडतंय. आपला संघ वर जाऊ दे. मग तो जोवर खेळेल, तोवर त्याच्या घरच्या प्रत्येक सामन्याला हे पिल्लू स्वतःच्या हाताने हा ढोल वाजवील."

संघ जिंकला. अंडी देवळात पोचली, गोलरक्षकाचे डोके चकाकू लागले आणि दोघांचा नवस आठवड्याच्या आत फिटला. मावशीचा मात्र तेव्हा सुरू झाला.

मित्रांनो, पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. मोठ्या शहरांचे संघ आमच्या मैदानावर आले. माझी नक्कल करणारे ढोल दुसऱ्या गावांनी बनवून घेतले. दूरचित्रवाणीवाल्यांनी माझे चित्र घेतले, त्यात मावशीचे डोके कापले गेले होते. आमचा कप्तान योथिन गोल झाला की धावत येऊन माझ्यावर एक थाप मारून जायचा. त्याला ताल कळत नसे, पण मला ती थाप आवडायची. त्या दिवसांत मी सुखी होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मोठ्या लीगमध्ये मोठे मालक लागतात. आमच्या मालकांना संघ पेलवेना, तेव्हा त्यांनी परवाना विकला. घेणारी कंपनी पूर्वेकडच्या समुद्रकाठची होती. तिने संघ तिकडे नेला, नाव बदलले आणि छातीवर मरळीच्या जागी गरुड बसवला. घर बदलताना कपाट न्यावे तसा संघ गेला. लोक फाटकाशी उदबत्त्या लावून बसले. काही रडले. योथिनने तिकडे जायला नकार दिला. त्याने कारखान्यातली पोरे गोळा करून नवा संघ काढला, सगळ्यात खालच्या लीगमध्ये नाव घातले आणि मरळ पुन्हा छातीवर काढली.

मला वाटले, आपण आता योथिनच्या संघाचे. पण एका शनिवारी मावशीने मला चादरीत गुंडाळले आणि पूर्वेकडच्या बसमध्ये बसवले.

गरुडांचे मैदान फार सुरेख होते. तिथे म्हशी सोडाच, चिमणीसुद्धा विचारून येत असावी. फाटकावरच्या रक्षकाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि म्हणाला, "एवढं लांब आत चालत नाही." मावशीने पुष्कळ विनवणी केली. शेवटी वाहनतळाच्या बाजूची, छत नसलेली एक जागा मिळाली. आत कर्ण्यांवर इंग्रजी गाणी लागली होती. आम्ही बाहेर वाजत राहिलो. कुणी थांबवले नाही, कारण कुणाला ऐकूच येत नव्हते. घरून आणलेला भात बसमध्ये आंबला, तेव्हा ईशान्येकडच्या एका झाडूवाल्याने आपल्या डब्यातला चिकट भात देऊ केला. तो राखेत मळेना, मावशीच्या बोटांनाच चिकटला. झाडूवाला आणि मावशी पोट धरून हसले. त्या मैदानावर ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

गावात तिला लोक 'गरुडीण' म्हणू लागले. टपरीवर गर्दी ओसरली. एकदा ताप होता म्हणून ती गेली नाही आणि त्याच आठवड्यात वादळात टपरीचे छप्पर उडाले. त्या वादळात अर्ध्या बाजाराची छपरे उडाली होती, पण हे तिला कोण पटवणार! त्यातच तिची मुलगी रुंग गरोदर राहिली. रुंगचे पहिले मूल पोटातच गेले होते. आता मावशी एकही सामना चुकवायला तयार नव्हती.

योथिन टपरीवर आला. उभ्यानेच बोलू लागला.

"मावशी, शनिवारी आमचा सामना आहे. ढोल हवाय."

"शनिवारी गरुडांचापण आहे. घरचा."

"घरचा? बसने दिवस मोडतो तिथं जायला. त्याला घर म्हणतात होय?"

"मी शब्द दिलाय, योथिन."

"शब्द मरळीला दिला होतास! ती तिथं आहे कुठं? नाव गेलं, रंग गेला. तो संघच नाही तो."

मावशीने मासा उलटला. "तू ज्योतिषाच्या सांगण्यावरून दोनदा नाव बदललंस. आधी सोमनुक होतास, मग काहीतरी भलतंच झालास, आता योथिन. म्हणून तुझ्या आईने तुला जेवायला वाढायचं थांबवलं का?"

आमच्या देशात नशीब फिरावे म्हणून नाव बदलणे ही रोजची गोष्ट आहे. पण नाव बदलून नवसातून सुटलेला माणूस इथे कुणी पाहिलेला नाही.

"मग आजोबांनाच विचारू," योथिन म्हणाला. "कौल लाव."

दुसऱ्या दिवशी मावशी, योथिन आणि मी, असे तिघे देवळात गेलो. देवळाची देखभाल हेंगबाबा नावाचे एक म्हातारे चिनी गृहस्थ करत. कौलाला लाकडाचे दोन तुकडे असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर पडले तर नकार. दोन्ही सपाट पडले तर देव हसतो आहे, असे समजायचे.

"आजोबा," मावशी म्हणाली, "तो संघ आता आपला नाही ना? या हत्तीच्या पिल्लाला मोकळं करता का?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट.

"हसतायत," हेंगबाबा म्हणाले. "पुन्हा टाक."

पुन्हा दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

योथिन चिडला. "हसण्यासारखं काय आहे यात?"

"अरे, त्यांचं तरी काय चुकलं?" हेंगबाबा उदबत्त्यांची राख झाडत म्हणाले. "नवस ऐकला तेव्हा त्यांना कुठं ठाऊक होतं, संघ विकता येतो म्हणून! देवाला एवढंच ठाऊक की गाव जिथं असतं तिथंच संघ असतो. आता आपण अवघड प्रश्न घालतोय त्यांना."

होकार मिळाला नाही, म्हणजे सुटका नाही, असा मावशीने अर्थ लावला. ती पूर्वेकडे जात राहिली. मला त्या बसचा कंटाळा आला होता, पण ढोलाचे मत कोण विचारतो?

पावसाळा संपता संपता एका सामन्याच्या मध्यावर तिचा फोन वाजला. रुंगला कळा आल्या होत्या, दवाखान्यात नेले होते. मावशीने फोन खांद्यात धरला आणि दोन्ही हातांनी वाजवत राहिली. थोड्या वेळाने पुन्हा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. "आई, तू कुठे आहेस?" हे रुंगचे शब्द मी स्पष्ट ऐकले. शेवटची शिट्टी होईपर्यंत मावशीचे हात थांबले नाहीत. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या तोंडावर पडत होते, त्याने भात सुटला आणि माझा आवाज फुटू लागला. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या दिवशी मला त्या आजोबांचा राग आला. तिचा तर त्याहून जास्त आला.

त्यानंतर काही महिन्यांतच बातमी आली. समुद्रकाठच्या कंपनीला फुटबॉलचा वीट आला होता. हंगाम अर्ध्यावर सोडून तिने संघ बंद केला आणि परवाना लीगला परत केला. खुंगतानच्या बाजारात फटाके वाजले. "मेला एकदाचा गरुड!" असे कुणीतरी ओरडले. मावशीने निखाऱ्यावर पाणी ओतले आणि टपरी बंद केली.

पुढच्या शनिवारी तिने नेहमीसारखा भात शिजवला, राखेत मळला. गरुडांचा घरचा सामना त्या दिवशी होणार होता. ती बसथांब्याकडे गेली नाही. मला खांद्यावर टाकून ती नगरपालिकेच्या जुन्या मैदानावर आली आणि मध्यरेषेजवळ गवतात बसली. योथिनची पोरे सराव करत होती. सामन्याची वेळ झाली तशी तिने वाजवायला सुरुवात केली. गोलचा ठेका नव्हता तो, मिरवणुकीचाही नव्हता. हळू, एकेक हात, प्रेताच्या पुढे चालताना वाजवावे तसा.

योथिनने चेंडू थांबवला. "मावशी, काय चाललंय हे?"

"आपला संघ गेलाय," ती म्हणाली. "याच गवतावर जन्मला होता. बाहेरगावी मेला म्हणून काय कुणी रडायचंसुद्धा नाही?"

योथिन खाली बसला आणि त्याने बूट काढून बाजूला ठेवले. मग त्याची पोरे बसली. बाजारातून लोक आले, फटाके उडवणारेही आले, आणि येईल तसा जो तो बसत गेला. रुंग बाळाला घेऊन आली. ती आईपासून जरा दूर बसली, मग उठून जवळ सरकली. सामना जितका चालला असता तितका वेळ मावशी वाजवत राहिली. मग तिने भात पुसून काढला.

"सुटलीस," योथिन म्हणाला. "तो खेळेल तोवर, असं म्हणाली होतीस ना? फिटला नवस."

"फिटला."

"मग पुढच्या शनिवारी आमच्यासाठी? चल, आत्ताच देवळात जाऊ. आम्ही वर गेलो तर तू—"

"गप रे!" मावशी इतक्या जोरात ओरडली की बाळ दचकून रडू लागले. तिने बाळाला रुंगच्या हातून घेतले, थोपटले आणि हळू आवाजात म्हणाली, "नवसबिवस काही नाही आता. येईन. नुसती येईन. कंटाळा आला तर मध्येच उठून जाईन."

पुढच्या शनिवारी योथिनचा संघ हरला, त्याच्या पुढच्याही. मावशी एकदा बाळाला ताप आला म्हणून आलीच नाही. काहीही उडाले नाही. मी त्या दिवशी मिठाच्या पोत्याशेजारी स्वस्थ पडून होतो आणि मला मुळीच वाईट वाटले नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादा ढोल असेल, एखादे मैदान असेल, हरणारा एखादा संघ असेल. त्यांना जपा. ढोल वाजवून झाल्यावर पुसून ठेवा. मैदान ओस पडू देऊ नका. पण त्यांच्यासाठी देवाला वचन देऊ नका, कुणाला शपथ घालू नका. इतकी वर्षे मी मावशीच्याच हातांनी वाजलो. आधी ते हात भीतीने पडत होते, आता नुसते पडतात. मैदानावरच्या लोकांना फरक कळत नाही. कातड्याला कळतो.