वाटेच्या देवाला पाजलेली बाटली

मालकाने माझ्याकडून ट्रकची चावी काढून घेतली. छे, असं काही झालेलं नाही. चावी माझ्याच खिशात आहे असं समजा आणि पुढे ऐका.

खांदिगा गावाच्या पंपावर हिवाळी डिझेल संपलं होतं, उन्हाळीच उरलं होतं. उणे बेचाळीसमध्ये त्यात मेण धरतं. म्हणून मी डिझेल गोठू न देणाऱ्या अँटीजेलची बाटली घेतली. डिझेल पातळ आहे तोवर ती टाकीत ओतली की निभावतं. मागे नऊ हजार अंडी होती. मालक म्हणाला होता, "अजून एक खेप गोठली, तर चावी टेबलावर ठेवायची."

खिंडीवर सगळेच थांबतात, वाटेच्या देवाला व्होडका वाहतात. मी हातोडीने टायर ठोकून बघत होतो, म्हणून दोन्ही कामं मेव्हण्याला, एर्चिमला सांगितली. बाटली टाकीला, व्होडका देवाला.

तीस किलोमीटरवर इंजिन खोकलं आणि मेलं. फिल्टर उघडला, तर आत घोड्याच्या चरबीसारखा पांढरा गोळा.

"एर्चिम, बाटली ओतलीस ना?"

"ओतली की, दाजी."

"टाकीत?"

"देवाला."

"आणि व्होडका?"

त्याने व्होडकाचा ढेकर दाबला आणि कोटाचं वरचं बटण लावलं. "उघड्यावर बसतो बिचारा. म्हटलं, तो तरी गोठू नये."

"अरे, डोकं आहे की फिल्टर? नुसतं मेण भरलंय!"

"ओरडू नका, तोंडातून ऊब जाते."

"लग्नात बहिणीबरोबर तूही येतोस, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"बाटलीवर उणे पन्नासपर्यंत हमी लिहिली होती, दाजी. तुमच्यावर काय लिहिलंय?"

आमच्याकडे बंद पडलेल्या ट्रकला ओलांडून कुणी जात नाही. मागून आपला ट्रक घेऊन म्हातारा ब्योत्यूर आला, फिल्टर बघून थुंकला. थुंकी खाली पडेपर्यंत खडा झाली. "माझ्याकडे आहे अँटीजेल, पण मेण धरल्यावर त्याने नुसता वास येतो," म्हणाला आणि टाकीखाली ज्वाळा फेकणारा ब्लो-लॅम्प पेटवला.

इंजिन चालू व्हायला तीन तास लागले. तोवर मागे अंडी एकेक करून तडकत होती. प्रत्येक आवाजाला एर्चिम विचारायचा, "दाजी, ऐकलंत?"

चावीचं मी वर काहीही सांगितलेलं नाही.

तरी खिंडीवरील वाटेचे देव यांना विनंती करण्यात येते की, चुकीने अर्पण झालेले अर्धा लिटर द्रव सीलबंद स्थितीत तातडीने परत करावे, तसेच मालकांच्या स्वप्नात समक्ष हजर राहून माझ्या बाजूने लेखी जबाब द्यावा. सोबत: मेव्हणा, नग एक. हा परत पाठवू नये.